खुशीने दिले, तरीही

आंब्याच्या हंगामात तालुक्याच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत हापूसच्या पेट्या फिरतात. दिवाळीत सुक्या मेव्याचे डबे येतात, साहेबांच्या मुलीच्या लग्नात पाकिटे येतात. देणारा म्हणतो, ‘घरच्या बागेतले आहेत, नाही म्हणू नका.’ घेणारा म्हणतो, ‘अहो, कशाला उगाच,’ आणि पेटी आत जाते. यात गैर काय, असे विचारले तर बहुतेकांचे पहिले लक्ष किमतीकडे जाते. पेटीभर आंबे म्हणजे भेट, सोन्याची चेन म्हणजे लाच, असा आपला ढोबळ हिशेब असतो.

कायद्याचा हिशेब असा नाही. त्याच्या लेखी तीच पेटी निव्वळ स्नेहभेट असू शकते, खातेनिहाय चौकशीचा विषय असू शकते किंवा तुरुंगवासाचे कारण ठरू शकते. किंमत हा त्यातला सर्वांत दुबळा निकष आहे. खरा प्रश्न असतो तो देणाऱ्याचे घेणाऱ्याकडे काही काम आहे का, होते का, होण्याजोगे आहे का, हा. गेल्या अडीचशे वर्षांत कायदा हळूहळू या प्रश्नापाशी येऊन थांबला आहे. अंमलबजावणी मात्र तिथवर पोहोचलेली नाही.

या वाटचालीत मराठी मुलखाचा स्वतःचा एक धडा आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या प्रदेशाविषयी 1819 साली जो अहवाल लिहिला, त्यात मामलतदारांच्या ‘दरबारखर्चा’ची हकीकत येते. पुण्यातल्या कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना खूश ठेवण्यासाठी मामलतदाराकडे एक गुप्त रक्कम असे. हळूहळू ती देणी इतकी ठरून गेली, की त्यांची बाकीच्या खर्चासारखी रीतसर नोंद आणि तपासणी होऊ लागली. म्हणजे लाच हाच दस्तूर झाला. पण दस्तूर झालेल्या पैशाने कोणी खूश होत नाही. म्हणून त्याच्यावर पुन्हा वेगळी, छुपी रक्कम गोळा करणे सुरू झाले. या नाजूक व्यवहारात हिशेबनीस फार खोलात जाणार नाहीत हे ठाऊक असल्याने मामलतदार वरिष्ठांसाठी जेवढे उकळी, त्याहून अधिक स्वतःसाठी ठेवी. हे सारे अखेर रयतेच्या डोक्यावर बसे. एल्फिन्स्टन जेत्याच्या नजरेने लिहीत होता हे लक्षात ठेवूनही हे निरीक्षण अचूक वाटते. देणगीला मान्यता दिली की ती थांबत नाही, तिच्यावर दुसरा मजला चढतो. आजच्या कचेऱ्यांमधले ‘ठरलेले रेट’ आणि त्यावरचे ‘साहेबांचे वेगळे’ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

कंपनी सरकार तरी कुठे स्वच्छ होते? 1757 च्या प्लासीनंतर रॉबर्ट क्लाइव्हने बंगालचा नवाब झालेल्या मीर जाफरकडून 2,34,000 पौंड घेतले आणि वर जहागीर मिळवली, तीही उघडपणे, भेट म्हणून. नंतर त्याच क्लाइव्हच्या हाताने कंपनीच्या नोकरांकडून नजराणे न घेण्याचे करार लिहून घेतले गेले. इतिहासाला अशी थट्टा आवडते. 1773 च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने गव्हर्नर जनरल, त्याच्या कौन्सिलचे सदस्य आणि न्यायाधीश यांना कोणतीही भेट घेण्यास मनाई केली. तरी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवरच्या महाभियोगात मीर जाफरची विधवा मुन्नी बेगम हिच्याकडून घेतलेल्या दीड लाख रुपयांचा मुद्दा होताच. ही रक्कम रिवाजाप्रमाणे मिळणारा पाहुणचाराचा भत्ता आहे, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. खटला 1788 ते 1795 असा चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. भेट, पाहुणचार, रिवाज या तीन ढाली तेव्हापासून आजवर बदललेल्या नाहीत.

इंग्रज अंमलात साहेबाच्या बंगल्यावर नाताळात फळाफुलांची ‘डाली’ जात असे. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांनी ती चालवून घेतली. फुले, फळे आणि तत्सम किरकोळ वस्तू चालतील, बाकीच्या नाहीत. हापूसच्या पेटीची वंशावळ इथे सापडते.

1860 च्या भारतीय दंड संहितेने मात्र एक पाऊल पुढे टाकले होते. तिच्या कलम 161 मध्ये नेहमीची लाच होती: सरकारी काम करण्यासाठी किंवा केल्याबद्दल कायदेशीर वेतनाखेरीज काहीही घेणे. ‘काहीही’ हा शब्द पैशापुरता नव्हता, पैशात मोजता न येणारे सुखही त्यात धरले होते. खरी दूरदृष्टी होती ती कलम 165 मध्ये. ज्याचे प्रकरण आपल्यापुढे आहे त्याच्याकडून मोलाची वस्तू फुकट किंवा कमी मोबदल्यात घेणे, एवढ्यानेच गुन्हा पूर्ण होई. कामाच्या बदल्यात घेतली का, हे सिद्ध करण्याची गरज नव्हती. संहितेने दिलेली उदाहरणे आजही वाचण्यासारखी आहेत. एक कलेक्टर आहे. ज्याच्या जमाबंदीचे प्रकरण त्याच्यासमोर चालू आहे, त्याचेच घर तो महिना पन्नास रुपये भाड्याने घेतो. बाजारभावाने त्या घराचे भाडे दोनशे रुपये झाले असते. दुसरा न्यायाधीश आहे. त्याच्या कोर्टात ज्याचा दावा आहे, त्याच्याकडून तो सरकारी रोखे सवलतीत घेतो, जेव्हा बाजारात त्यांना अधिमूल्य मिळत असते. कोणी काही मागितले नाही, कोणी काही कबूल केले नाही, तरी गुन्हा आहे. बिल्डरकडून स्वस्तात फ्लॅट घेण्याची पद्धत निघण्याच्या शंभर वर्षे आधी हे लिहिले गेले.

स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, भ्रष्टाचार प्रतिबंधाचा पहिला स्वतंत्र कायदा आला. पैसे घेतले हे सिद्ध झाले की ते लाच म्हणूनच घेतले असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद त्याने आणली. मग आरोपीने सिद्ध करायचे की तसे नव्हते. या गृहीतकाची पारख 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयात झाली. उत्तर प्रदेशातल्या रेल्वेच्या एका लोको फोरमनने ठेकेदाराकडून 375 रुपये घेतले होते. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या कपड्यांसाठी उसने घेतले, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले, की रक्कम घेतल्याचे दिसले की गृहीतक लागू होते. ते खोडायला आरोपीला संशयातीत पुरावा नको, पण त्याची हकीकत संभाव्य तरी वाटली पाहिजे. फोरमनची हकीकत तशी वाटली नाही. उसनवारी हा बचाव तेव्हापासून आजपर्यंत सत्र न्यायालयांत नेमाने येतो आणि बहुधा याच कसोटीवर पडतो. ठेकेदाराकडूनच का उसने घेतले, या प्रश्नाला चांगले उत्तर सहसा नसते.

दंड संहितेतली ही कलमे 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात गेली. 161 चे झाले कलम 7 आणि 165 चे कलम 11. त्या कायद्यात एक दयाळू पोटकलम होते. घेतलेली वस्तू इतकी क्षुल्लक असेल, की त्यावरून भ्रष्टाचाराचा निष्कर्ष काढणे न्याय्य होणार नाही, तर गृहीतक लावायचे की नाही हे न्यायालयाने ठरवावे. चहाचा कप, देवळातला प्रसाद, पेढ्याचा पुडा यांच्यासाठी ही फट होती. 26 जुलै 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत गृहीतकाचे कलम नव्याने लिहिले गेले आणि ही फट बुजली. संसदेतल्या चर्चेत बाकीच्या मुद्द्यांचा गाजावाजा झाला, पेढ्याच्या पुड्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. व्यवहारात पेढ्यासाठी कोणी तुरुंगात जाणार नाही, हे खरे. पण आता ते न्यायालयाच्या लिखित अधिकारावर नाही, तपास अधिकाऱ्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

2018 च्या कायद्याने ‘अवाजवी लाभ’ अशी नवी संज्ञा आणली. कायदेशीर वेतनाखेरीजचा कोणताही लाभ, पैशातला किंवा पैशाबाहेरचा, तिच्यात मोडतो. तो स्वतःसाठी असो वा दुसऱ्या कोणासाठी. कलम 7 ला शिक्षा आहे किमान तीन आणि कमाल सात वर्षे. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे, आणि ते आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. रेशनकार्डाचा नेहमीचा अर्ज वेळेत हातावेगळा करण्यासाठी लोकसेवक पाच हजार रुपये मागतो, तो दोषी आहे. काम नियमातले आहे, अर्जदार पात्र आहे, कोणाचे नुकसान झालेले नाही. तरीही गुन्हा आहे. ‘मी काही चुकीचे काम केले नाही, फक्त लवकर केले’ हा बचाव इथे संपतो. महाराष्ट्राने 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क केला, त्यामुळे तर ‘लवकर’ ही मेहेरबानीही उरली नाही.

काम झाल्यानंतर दिलेल्या पैशाचे काय? फेरफार नोंदला गेला, सातबारा हातात आला, शेतकरी खुशीने तलाठ्याच्या टेबलावर पाचशेची नोट ठेवतो. आधी ठरले नव्हते, मागितले नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये अशाच एका प्रकरणात, राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांना लागू असलेल्या एका संघीय कायद्यापुरते, असा निकाल दिला की काम झाल्यावर दिलेली बक्षिसी ही त्या कायद्याखाली लाच नव्हे. इंडियाना राज्यातल्या पोर्टेज गावच्या माजी महापौराने ट्रक कंपनीला सुमारे 11 लाख डॉलरची कंत्राटे दिल्यानंतर तिच्याकडून 13 हजार डॉलर घेतले होते. अशा बक्षिसीला आळा घालणे राज्यांचे आणि नगरपालिकांचे काम, असे बहुमताने म्हटले. भारतीय कायद्याने हा फरक 1860 पासूनच मानलेला नाही. ‘काम करण्यासाठी’ आणि ‘केल्याबद्दल’ हे दोन्ही एकाच वाक्यात बसवलेले होते. माझ्या मते आपला कायदा इथे अधिक शहाणा आहे. पहिल्या शेतकऱ्याने खुशीने ठेवलेली नोट दुसऱ्याला दिसते, आणि तिसऱ्याच्या वेळी ती अपेक्षा होते. दरबारखर्च असाच तयार झाला होता.

डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा मुद्दा आणखी स्पष्ट केला. लोकसेवकाने काही मागितले नाही, देणाऱ्यानेच देऊ केले आणि लोकसेवकाने ते घेतले, तर तेही लाच स्वीकारणेच आहे, तिथे आधीच्या मागणीचा पुरावा लागत नाही. आधी मागणी करून पैसे मिळवणे हा दुसरा प्रकार, तिथे मागणी सिद्ध झाली पाहिजे. तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तरी इतर साक्षीदारांवरून आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरून ती सिद्ध करता येते, हेही याच निकालाने सांगितले. लाचेच्या खटल्यात तक्रारदार फितूर होणे हे आपल्याकडचे जुने दुखणे. त्याच्यावर हा मोठाच उतारा होता.

प्रत्यक्षात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे काम ‘सापळा’ या एका शब्दाभोवती फिरते. 1957 मध्ये स्थापन झालेल्या या विभागाकडे तक्रार येते, पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, संभाषण रेकॉर्ड होते. नोटांना अँथ्रासिन पावडर लावली जाते, आणि त्या हातात पडल्यावर अतिनील दिव्याखाली बोटे निळसर चमकतात. इतर अनेक राज्यांत फिनॉल्फ्थॅलिनने हात धुण्याचे पाणी गुलाबी होते, आपल्याकडे बोटे चमकतात. या पद्धतीचे यश मान्य करूनही तिची मर्यादा सांगायला हवी. सापळ्यात नोटा सापडतात, भेटी सापडत नाहीत. सापळ्याला तक्रारदार लागतो, आणि तक्रारदार नाडलेला असतो. जिथे देणारा आणि घेणारा दोघेही खूश असतात, तिथे पावडर लावायची कोणी आणि कशाला? सोन्याचे नाणे, परदेशवारीचे तिकीट, मुलाच्या शिक्षणाची फी, पत्नीच्या नावावरची भागीदारी यांनी बोटे चमकत नाहीत. म्हणून बातम्यांत पाचशे-हजारांचे तलाठी आणि हवालदार दिसतात.

मोठ्या भेटींसाठीचे हत्यार कलम 11 हे आहे, आणि ते जवळजवळ म्यानातच असते. या कलमाला मागणी नको, बदल्यात केलेले काम नको. देणाऱ्याचे या अधिकाऱ्याकडे किंवा त्याच्या वरिष्ठाकडे प्रकरण होते, आहे किंवा येण्याजोगे आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक होते, आणि त्याने लाभ फुकट किंवा अपुऱ्या मोबदल्यात घेतला, एवढेच दाखवायचे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, म्हणजे कलम 7 पेक्षा कमी. तपास यंत्रणेला जास्त शिक्षेचे कलम आवडते, शिवाय सापळ्याची सवय हाताला बसलेली असते. कलम 11 साठी फायली, बँकेचे व्यवहार आणि नातेसंबंध यांची चिकाटीने मांडणी करावी लागते. ते काम कंटाळवाणे आहे आणि त्याचा फोटो पेपरात येत नाही.

हे कलम किती खोल जाऊ शकते, याची कसोटी महाराष्ट्रातच लागली होती. मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या पुढाकाराने इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसह काही न्यास स्थापन झाले. सिमेंटवर तेव्हा सरकारी नियंत्रण होते. बिल्डरांनी न्यासांना देणग्या द्यायच्या आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळायचा, असा आरोप झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी 1982 च्या निकालाने सिमेंट वाटपाचा देणग्यांशी संबंध असल्याचे म्हटले आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. भाजपचे रामदास नायक यांनी फौजदारी फिर्याद लावून धरली. बचावाचा गाभा सोपा होता: पैसे न्यासाला गेले, मुख्यमंत्र्यांच्या खिशात एक पैसाही नाही. कायद्याचे शब्द मात्र ‘स्वतःसाठी किंवा अन्य कोणासाठी’ असे आहेत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम 161 आणि 165 खाली आरोप ठेवण्याजोगी सामग्री सकृद्दर्शनी आहे असे ठरवले. पुढे 1988 मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच अधिकारबाह्य ठरवला, आणि अंतुले यांच्यावर दोष कधी सिद्ध झाला नाही. त्यामुळे सत्कार्यासाठी दिलेली देणगी कधी लाच ठरते, या प्रश्नाचा अखेरचा निकाल महाराष्ट्राला मिळालाच नाही. साखर कारखाने, शिक्षण संस्था, क्रीडा मंडळे, गणेशोत्सव आणि ‘साहेबांच्या वाढदिवसानिमित्त आरोग्य शिबिर’ यांच्या राज्यात हा प्रश्न अनुत्तरित राहणे फार सोयीचे झाले.

सहकाराचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. ती माहीत असलेले संचालक मला फार भेटलेले नाहीत. 1988 च्या कायद्यात लोकसेवकाची व्याख्या सरकारी नोकरापुरती नाही. शेती, उद्योग, व्यापार किंवा बँकिंग करणाऱ्या आणि सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या नोंदणीकृत सहकारी संस्थेचा अध्यक्ष, सचिव आणि इतर पदाधिकारीही लोकसेवक आहे. ऊसतोडणीच्या ठेकेदाराकडून कारखान्याच्या अध्यक्षाच्या घरी येणारी दिवाळी याच कायद्याखाली येते. आमदार-खासदारांनाही आता सभागृहातल्या मताचे कवच नाही. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे कवच देणारा 1998 चा नरसिंह राव प्रकरणातला निकाल रद्द केला. मतासाठी पैसे घेतले, की घेताक्षणी गुन्हा पूर्ण, मग मत कुठेही टाका.

आता वर्तणूक नियमांकडे वळू. ‘पाच हजारांपर्यंत चालते’ हा कचेऱ्यांमधला समज तिथूनच येतो. अखिल भारतीय सेवांच्या 1968 च्या नियमांत 2015 साली केलेल्या बदलानुसार लग्न, वाढदिवस, धार्मिक कार्य अशा प्रसंगी जवळचे नातेवाईक आणि ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध नाही असे व्यक्तिगत मित्र यांच्याकडून भेट घेता येते. ती 25 हजारांहून अधिक किमतीची असेल तर सरकारला कळवावे लागते. इतर कोणतीही भेट पाच हजारांपलीकडची असेल तर आधी परवानगी लागते. केंद्राच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी 2019 पासून ही दुसरी मर्यादा अ आणि ब गटाला पाच हजार, क गटाला दोन हजार आहे. महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांना 1979 चे राज्याचे नियम लागू आहेत. नियमांच्या लेखी फुकटचा प्रवास, राहणे, जेवण हीसुद्धा भेटच. त्यातून प्रासंगिक जेवण, वाटेत दिलेली लिफ्ट आणि साधा सामाजिक पाहुणचार वगळला आहे. मात्र ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याचा उंची किंवा वारंवारचा पाहुणचार टाळावा, असे स्पष्ट लिहिले आहे. बदली किंवा निवृत्तीच्या निरोप समारंभावरही नियम आहे. खासगी स्वरूपाचा, साधा, कमी खर्चाचा असेल तर चालतो. ठेकेदारांनी मंगल कार्यालय घेऊन केलेले निरोप समारंभ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हा नियम एकदा काढून वाचावा.

‘पाच हजारां’तली मेख अशी. ही मर्यादा शिस्तीच्या नियमातली आहे, फौजदारी कायद्यातली नाही. चार हजारांची भेट घेतली म्हणून खातेनिहाय चौकशी कदाचित होणार नाही, पण देणाऱ्याची फाईल टेबलावर असेल तर कलम 11 ला किमान रकमेची अटच नाही. ‘सरकार किंवा संस्था ज्याला परवानगी देते ते कायदेशीर वेतन’ असे कायद्याचे स्पष्टीकरण आहे, आणि त्याच्या आधारे एखादा वकील म्हणेल की नियमाने मुभा दिलेली भेट अवाजवी लाभ कशी? युक्तिवाद चतुर आहे, पण तकलादू. त्या स्पष्टीकरणात वेतनाची गोष्ट आहे, ठेकेदाराच्या प्रेमाची नाही. हा गोंधळ सरकारने स्वतः निर्माण केला आहे. ज्याच्याशी कामाचा संबंध आहे त्याच्याकडून शून्य, बाकीच्यांकडून अमुक, असा दुपदरी नियम असता तर तो शिपायालाही समजला असता. अमेरिकेच्या संघीय कर्मचाऱ्याला एका वेळी 20 डॉलर आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षाला 50 डॉलर अशी साधी मर्यादा आहे. वर्षाची बेरीज धरल्यामुळे हप्त्याहप्त्याने देण्याची वाट बंद होते. आपल्या नियमात ती बेरीज नाही.

न्यायाधीशांसाठी 1997 चा न्यायिक मूल्यांचा ठराव आहे. कुटुंबीय, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून कोणाकडूनही भेट किंवा पाहुणचार घेऊ नये, एवढे तो सांगतो. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, पण तिला कायद्याचे बळ नाही. परदेशात मिळालेल्या भेटी परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात जमा कराव्या लागतात. पाच हजारांपर्यंतची वस्तू ठेवून घेता येते, पुढची हवी असल्यास वरची किंमत भरून. ही एकच व्यवस्था अशी आहे जिथे भेट आधी सरकारची मानली जाते आणि मग व्यक्तीची.

भेटीवर प्राप्तिकर भरला की ती पांढरी होते, हा समज मात्र सुशिक्षितांतही पक्का आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला 50 हजारांवर मिळालेल्या भेटी करपात्र असतात. त्या दाखवल्या, कर भरला, मग हरकत काय? जयललिता यांच्या बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात वाढदिवसाच्या भेटींबाबत हाच बचाव होता. 14 फेब्रुवारी 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. लोकसेवकाने अशा भेटी घेणे हाच गुन्हा असेल, तर त्या उत्पन्नाचा कायदेशीर स्रोत होऊच शकत नाहीत, प्राप्तिकर विवरणपत्रातली नोंद त्यांना कायदेशीर करत नाही. जयललिता तोवर निवर्तल्या होत्या, सहआरोपींना शिक्षा झाली. बेहिशेबी मालमत्तेच्या कलमाचे स्पष्टीकरणही तसेच आहे: स्रोत कायदेशीर हवा. 2018 च्या दुरुस्तीपर्यंत त्या प्राप्तीची माहिती नियमाप्रमाणे सरकारला दिलेलीही लागे. ‘सासऱ्यांनी दिले’ हे खरे असले तरी वेळेवर कळवले नसेल तर ते बचावाला उपयोगी पडणे तेव्हा कठीण होते.

देणाऱ्याचे काय, हा प्रश्न वाचकाच्या अधिक जवळचा आहे. 2018 पर्यंत देणाऱ्याकडे साथीदार म्हणून पाहिले जाई, आता लाच देणे हा कलम 8 खाली स्वतंत्र गुन्हा आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिस किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे, तरच संरक्षण. आठव्या दिवशी तुम्ही पीडित राहत नाही. तक्रार करून सापळ्यासाठी दिलेल्या पैशाला अर्थातच हे लागू नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक त्यासाठीच आहे. गरजू माणसावर सात दिवसांची ही घाई मला अन्यायाची वाटते. ज्याचा रेशनचा तांदूळ अडला आहे तो आधी तांदूळ आणील, की आधी तक्रार करील?

आणि आता, या सगळ्या नियमांचा उपयोग कोणाला दिसतो, याकडे येऊ. विदर्भातल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याविषयी एका नागरिकाने माहिती अधिकारात बरेच काही मागितले. त्यात एक प्रश्न होता: मुलाच्या लग्नात त्याने आणि कुटुंबीयांनी स्वीकारलेल्या भेटींचा तपशील. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑक्टोबर 2012 मध्ये न्यायालयाने ठरवले, की ही त्या अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे आणि मोठे सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या त्या अपवादात बदल करून त्यातली सार्वजनिक हिताची कसोटीच काढली. दुसरे एक सर्वसाधारण कलम शिल्लक आहे, पण ते वापरायचे की नाही हे माहिती अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते.

म्हणजे चित्र असे आहे. भेट कळवण्याचा नियम आहे. कळवलेली भेट वरिष्ठाच्या फाईलमध्ये जाते आणि तिथेच राहते. ती देणाऱ्याचे काम त्याच कचेरीत होते का, हे ताडून पाहणारा कोणीच नाही, कारण ज्यांना ते ठाऊक असते त्या गावकऱ्यांना, स्पर्धक ठेकेदारांना आणि पत्रकारांना ती नोंद दिसत नाही. कलम 11 ला लागणारा पुरावा सरकारच्याच कपाटात पडून असतो, आणि सरकारच तो वैयक्तिक म्हणून झाकून ठेवते. हे जाणूनबुजून केले आहे असा आरोप मी करणार नाही, पण परिणाम तोच आहे.

भारतीय प्रशासन सेवेच्या अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणपत्रे संकेतस्थळावर पाहता येतात, आणि त्याने कोणाच्या खासगीपणावर आकाश कोसळलेले नाही. भेटींच्या नोंदींबाबतही तेच करता येईल: कोणी दिली, काय दिले, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचे खात्याकडे काम आहे का. जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांच्या भेटी वगळा, बाकी सगळ्या दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करा. महाराष्ट्र सरकारला यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. 1979 च्या राज्य नियमांत एक पोटनियम घालून सामान्य प्रशासन विभाग हे पुढच्या दिवाळीआधी सुरू करू शकतो, आणि त्याने ते करावे.